उत्तर येईपर्यंत

अकोला
१४ मे १९६०

श्री. अमरावतीकर यांसी,
सा. न. वि. वि.

शाळेला सुट्टी लागली. सुट्टीत पत्रं कमी लिहीन असं वाटलं होतं, झालं उलट. शाळा बंद असली तरी प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असते. दुपारी घरात सगळे झोपले की तिचं वजन कळतं.

मागच्या आठवड्यात दारू घ्यावीशी वाटली तेव्हा ठरल्याप्रमाणे आधी तुम्हाला पत्र लिहिलं आणि पेटीत टाकून आलो. उत्तर येईपर्यंत घ्यायची नाही. तुमचं उत्तर हातात पडलं तेव्हा ती वेळ निघून गेली होती. डॉ. भगवंतरावांनी ही रीत सांगितली तेव्हा मला पोरखेळ वाटला होता. पत्र मूर्तिजापूरला त्यांच्या दवाखान्यात जाणार, तिथे लिफाफा बदलणार, मग तुमच्याकडे. कधी न पाहिलेल्या माणसाला मी अमरावतीकर म्हणायचं, त्यानं मला अकोलेकर. खरं नाव लिहायचं नाही आणि खोटं काही लिहायचं नाही. आता पोरखेळ वाटत नाही.

त्या दुसऱ्या अटीला धरून एक गोष्ट लिहितो. ती डॉक्टरांनाही सांगितलेली नाही. दारूबंदी झाल्यावर मी हातभट्टीच्या वाटेला गेलो नाही. मास्तरला त्या गल्लीत कोणी पाहिलं असतं. आमच्या कपाटात दोन तऱ्हेचं स्पिरिट असतं. दिव्यांसाठीचं निळसर असतं, ते प्यालं तर डोळे जातात. दुसरं स्वच्छ असतं, प्राण्यांच्या नमुन्यांच्या बरण्यांत घालायचं. बाटली संपली तेव्हा मी बरण्यांतलंही काढलं आणि वर पाणी घातलं. सापाची बरणी गढूळ झाली, मग सापाची कातडी सुटून पाण्यात तरंगू लागली. मुख्याध्यापक म्हणाले, यंदाचा उन्हाळा फार कडक. मी हो म्हटलं. तो साप पुरताना शिपाई पुंजाराम माझ्याकडे बघत होता. त्यानंतर मी मूर्तिजापूरला गेलो.

आणखी एक. आई आणि शेषरावमामांनी माझ्या लग्नाचं मनावर घेतलं आहे. मुलगी तुमच्याच गावची आहे, इतकंच लिहितो.

आपला,
अकोलेकर

---

अमरावती
२० मे १९६०

प्रिय अकोलेकर,

सापाचं वाचलं. तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. आता किल्ली मुख्याध्यापकांच्या हवाली करा. ते कारण विचारतील म्हणून तुम्ही टाळता आहात, हे मला दिसतं. किल्ली खिशात ठेवून सोडणं मलाही जमलं नव्हतं. माझी किल्ली म्हणजे एक अशील होता. त्याच्या बंगल्यावर कामासाठी जावं लागे आणि काम संपल्यावर कपाट उघडे. मी त्याची कामं घेणं बंद केलं. लोक म्हणाले, वकिलानं इतका मोठा अशील सोडला. म्हणू दिलं.

लग्नाबद्दल काय लिहू? माझं लग्न झालं तेव्हा मी घेत होतो आणि आमच्या घरच्यांनी ते मुलीकडच्यांना कळू दिलं नाही. पत्नीला पहिल्या दिवाळसणाला कळलं, तिच्या माहेरी, भावंडांसमोर. तिनं माहेरच्यांना सांगितलं की यांना पित्ताचा त्रास आहे. पुढे सगळी वर्षं ती असंच काहीतरी सांगत राहिली. मी सोडली त्याला आता बराच काळ झाला, पण त्या दिवाळीबद्दल आम्ही दोघं अजून बोललेलो नाही.

मुलगी पाहून या. मग लिहा.

आपला,
अमरावतीकर

---

अकोला
६ जून १९६०

श्री. अमरावतीकर यांसी,
सा. न. वि. वि.

काल जाऊन आलो. मामा आणि आई बरोबर होते.

घर वकिलाचं. मोठं नाही, पण पुस्तकं पुष्कळ. मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पोहे झाले, चहा झाला. माझा हात कपाशी गेला तेव्हा थोडा कापला आणि चहा बशीत सांडला. आई लगेच म्हणाली, प्रवासाचा शीण. मामांनी हवेवर बोलणं काढलं. मुलीनं कप उचलून नेला, पुसून परत आणून ठेवला.

मग मोठ्यांनी आम्हाला मागच्या ओसरीवर बोलायला पाठवलं. तिथे तुळशीजवळ तिची आई तांदूळ निवडत बसली होती, म्हणजे एकटे नव्हतोच. मी तिच्या अभ्यासाचं विचारलं. तिनं उत्तर दिलं आणि मग विचारलं, "बेडूक कापून दाखवता तेव्हा हात कापतो का तुमचा?"

मी म्हणालो, "पूर्वी कापायचा."

तिनं मान हलवली. पुढे विचारलं नाही. असा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. सगळे पगार विचारतात.

तिचे वडील कमी बोलले. त्यांची एक सवय पाहून मला हसू आलं. सरबताचा पेला तोंडाला लावण्याआधी त्यांनी तो हुंगला. पाण्याचाही. मीही तसंच करतो. मला वाटलं होतं ही आपल्यासारख्यांचीच खोड असेल, पण सभ्य माणसंही करतात तर.

मामांनी घरी येऊन सांगितलं की पत्रिका मुलीकडच्याच गुरुजींनी पाहिली आहे, छत्तीसांतले सत्तावीस जुळतात, आता मुहूर्त मार्गशीर्षातला धरू. आई शेजारी सांगून आली. सगळं झाल्यासारखंच आहे. मला मात्र झोप नाही. सांगावं असं वाटतं. सांगितलं तर आई आणि मामा माझं तोंड पाहणार नाहीत. न सांगता लग्न केलं तर ती मुलगी एखाद्या दिवाळीला तुमच्या पत्नीसारखी माहेरी बसून काहीतरी खोटं सांगत असेल. तुम्ही लिहिलेलं डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून सरळ विचारतो. तुम्ही वडिलांच्या वयाचे आहात. तुम्ही त्या मुलीचे वडील असतात तर, मी येऊन सांगावं असं तुम्हाला वाटलं असतं का? आणि ऐकल्यावर तुम्ही काय केलं असतं?

आपला,
अकोलेकर

---

अमरावती
९ जून १९६०

डॉ. भगवंतराव यांस,
स. न.

सोबत काही नाही, हे पत्र तुमच्यासाठीच आहे. लिफाफा बदलू नका.

अकोलेकराचं ६ तारखेचं पत्र तुमच्या कंपाउंडरनं माझ्याकडे पाठवलं. तो ज्या घरी मुलगी पाहायला गेला ते घर माझं. मुलगी माझी चारुशीला. रविवारी तो माझ्यासमोर बसला होता आणि त्याचं नाव त्र्यंबक वाडेगावकर. तो आत आला तेव्हा मी ओळखलं नाही. बशीत चहा सांडला तेव्हा मनात काहीतरी हललं. शास्त्र शिकवतो म्हणाला तेव्हा खात्री होत आली. पत्र आलं आणि संशय उरला नाही. त्यानं मला ओळखलेलं नाही. मला मुलगी आहे हे मी पत्रात कधी लिहिलं नव्हतं. खोटं लिहिलं नाही, इतकंच.

डॉक्टर, या मुलाला त्याच्या आईपेक्षा मी जास्त ओळखतो. मी त्याला मुलगी देणार नाही. तो वाईट नाही. पण सोडल्यानंतरची पहिली वर्षं कशी असतात ते मी घरात पाहिलं आहे, आणि विमलनं तर बायको म्हणून भोगलं आहे. चारूला यातलं काही माहीत नाही. ती लहान होती. मी तुमच्याकडे येऊन पडलो होतो ते वर्ष आमच्या घरात अजून 'बाबांच्या काविळीचं वर्ष' म्हणतात. तिला खरंच कावीळ वाटते.

जे मला कळलं ते पत्रातून कळलं. बाप म्हणून ते वापरलं तर त्याच्याशी केलेला करार मोडतो. वापरलं नाही तर मुलीशी. मला मोकळं करा, किंवा काय करू ते सांगा.

आपला,
हरिहर मंगरूळकर

---

मूर्तिजापूर
१२ जून १९६०

बापूसाहेब मंगरूळकर,

मी तुम्हाला मोकळं करू शकत नाही. करार माझ्याशी नव्हताच.

त्यानं तुम्हाला प्रश्न विचारला आहे. 'जा आणि सांग' असं उत्तर लिहा. तो जाईल. मग तुम्ही ते बाप म्हणून त्याच्या तोंडून ऐकाल आणि नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणाल. त्याला ते सोसेल. सांगायला निघालेल्या माणसाला सांगूच दिलं नाही, तर मात्र काय होईल ते मला सांगता येणार नाही. तो अजून कच्चा आहे.

आणि त्याला सांगायला लावणार असाल तर घरी कावीळ किती दिवस चालवणार आहात, तेही ठरवा.

भगवंतराव

---

अमरावती
१५ जून १९६०

प्रिय अकोलेकर,

उत्तराला उशीर झाला. कोर्टाची सुट्टी संपत आली, कामं साचली आहेत.

तुम्ही विचारलंत त्यावर चटकन काही लिहिणं बरोबर नाही. असल्या बाबतीत घाई करू नये. मार्गशीर्षाला अवकाश आहे. तोवर पुष्कळ गोष्टी आपोआप मार्गी लागतात. तुम्ही सध्या कोणाला काही बोलू नका. शाळा सुरू होईल, तिकडे लक्ष द्या.

किल्लीचं काय केलंत ते लिहिलं नाहीत.

आपला,
अमरावतीकर

---

अमरावती
२८ जून १९६०

रा. रा. शेषराव यांसी,
सा. न. वि. वि.

आपण सर्व आमच्याकडे येऊन गेलात, आनंद झाला. चि. त्र्यंबक यांच्याबद्दल आम्हा सर्वांचं मत उत्तम आहे. तथापि पत्रिका पुन्हा एकदा बारकाईनं पाहता मंगळाचा दोष आढळला. आमच्या घरी या गोष्टी पाळतात. तरी हा योग नाही असं समजून मनात किंतु आणू नये. चिरंजीवांना याहून चांगलं स्थळ मिळेल, यात शंका नाही.

आपल्या भगिनींना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा.

आपला,
हरिहर गणेश मंगरूळकर

---

अकोला
८ जुलै १९६०

अमरावतीकर,

त्यांचा नकार आला. मंगळ म्हणे.

मामांनी पत्र तीनदा वाचलं आणि हसले. त्यांच्याच गुरुजींनी पाहिलेली पत्रिका. मंगळ महिन्याभरात घर बदलत नाही. मामा म्हणाले, "बंड्या, त्याहीले कोनीतरी सांगतलं. तुयाबद्दल सांगन्यासारखं काय हाय, ते तूच सांग आता." मामा चिडले की शहरी मराठी सोडून शेतावरचं बोलतात. आई मान खाली घालून आत गेली. तिला पूर्वीपासून माहीत होतं की नाही, हे मला आज पहिल्यांदा कळलं. माहीत होतं.

कोणी सांगितलं असेल याचाच विचार करतो आहे. मुख्याध्यापकांना माहीत नाही. डॉक्टरांवर संशय घेतला, मग लाज वाटली, मग पुन्हा घेतला. दवाखान्यातला कंपाउंडर लिफाफे बदलतो, तो वाचत असेल का? शेवटी पुंजारामला धरलं. वर्गाबाहेर, पोरांच्या देखत त्याची कॉलर धरून विचारलं, अमरावतीला कोणाशी बोललास. तो म्हणाला, "कॉलर सोडा मास्तर. तुमच्या लग्नात मले काय लाडू भेटनार होता, का लग्न मोडून तो माया पोटात पडनार होता?" पोरं हसली. मी सोडली. आता पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांसमोर उभं राहायचं आहे.

मी सांगायला जाणार होतो. तुम्ही घाई करू नका म्हणालात म्हणून थांबलो. सांगितलं असतं आणि त्यांनी हाकललं असतं तर ते माझं झालं असतं. आता माझ्या पाठीमागे कोणीतरी बोललं आहे आणि ते कोण हे मला कधी कळणार नाही. ज्याच्याशी बोलेन त्याच्या तोंडाकडे बघत राहीन. तुमचं शेवटचं पत्र पुन्हा काढून वाचलं. ते तुमच्यासारखं नाही. मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात नाही.

स्वच्छ स्पिरिटाची बाटली आज शाळेतून पिशवीत घालून घरी आणली आहे. भरलेली आहे. समोरच आहे.

रीत मी मोडत नाही. हे पत्र पेटीत टाकतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर आल्यावर काय ते करीन.

अकोलेकर

---

अमरावती
१२ जुलै १९६०

त्र्यंबक,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मध्यरात्रीपासून पोस्टाचा संप सुरू झाला. आज सकाळी पोस्टाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. कुलूप होतं. एक ओळखीचा कारकून पायरीवर बसला होता. तार तरी जाईल का, विचारलं. तो म्हणाला, "वकीलसाहेब, तार करनारेच बाहेर बसून राहिले, पाठवनार कोन?" म्हणून उद्या सकाळच्या मोटारीनं मीच हे पत्र घेऊन येतो आहे.

कोणी काही सांगितलं नाही. पुंजारामनं नाही, डॉक्टरांनी नाही, कंपाउंडरनं नाही. तूच सांगितलंस. मला.

मी हरिहर मंगरूळकर. चारुशीला माझी मुलगी. तू माझ्यासमोर बसला होतास. पेला हुंगणारा माणूस मी. ६ जूनचं पत्र वाचलं तेव्हा मला सगळं कळलं होतं, आणि १५ तारखेचं पत्र मी ते कळल्यावर लिहिलं. तू बरोबर ओळखलंस, ते माझ्यासारखं नाही. त्यात खोटं एक वाक्य नाही आणि खरंही एक नाही. असं लिहिणं हा माझा धंदा आहे.

मग मंगळ काढला. गुरुजींना मी सांगितलं, आणि त्यांनी मान डोलावली. मला वाटलं हा सगळ्यांत सभ्य मार्ग. पत्रिका जुळत नाही म्हटलं की मुलाला डाग लागत नाही, मुलीला लागत नाही, कोणी कारण विचारत नाही. आपल्यात सगळे हेच करतात. तुझ्यावर याचा परिणाम काय होईल हे कळायला मला तुझ्या पत्राची गरज पडायला नको होती. तेवढं तरी मला माहीत असायला हवं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, तू येऊन सांगावंस असं मला वाटलं असतं. आणि ऐकून मी नाहीच म्हटलं असतं. आजही म्हणेन. माझ्या मुलीची आई माझ्याबरोबर कशी जगली ते मला माहीत आहे. पण तू सांगू नयेस अशी व्यवस्था मी केली. ते मी करायला नको होतं.

बाटली फोडली असशील तर तसं लिही. नसशील तर हे उत्तर आहे. घेऊ नकोस.

दारावर थाप मारण्याचा मला धीर होईल असं वाटत नाही. पत्र दाराखालून सरकवीन. परतीची मोटार संध्याकाळी आहे. तोवर स्टँडवर बसलेला असेन. तुला यावंसं वाटलं तर ये.

हरिहर मंगरूळकर
(अमरावतीकर)

---

अकोला
१८ जुलै १९६०

श्री. हरिहर मंगरूळकर यांसी,

आज पोस्ट सुरू झालं. हे पत्र मूर्तिजापूरमार्गे पाठवत नाही. तुमच्या घरच्या पत्त्यावर, माझ्या खऱ्या नावानं पाठवतो आहे.

काय झालं ते आधी लिहितो. मंगळवारी संपाची बातमी वाचली. म्हणजे उत्तर येणार नाही. मग रीत लागू आहे की नाही, यावर मी दिवसभर स्वतःशी भांडलो. उत्तर येईपर्यंत घ्यायची नाही, असं ठरलं होतं. उत्तर येऊच शकत नसेल तर काय, हे ठरलं नव्हतं. बुधवारी शाळेत गेलो नाही. आई मामांकडे गेली होती. दुपारी पेल्यात ओतली, पाणी घातलं. हुंगली. तेवढ्यात दाराखालून कागद आत आला आणि चपलांचा आवाज लांब गेला.

लिफाफ्यावर तिकीट नव्हतं आणि शिक्का नव्हता. वर माझं खरं नाव होतं, अक्षर अमरावतीकरांचं. आतलं वाचण्याआधीच मला सगळं कळलं.

पेल्यातली मोरीत ओतली. बाटलीतलं ओतलं नाही. ते शाळेचं आहे. दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवलं.

स्टँडवर आलो होतो. तुम्ही बाकावर बसला होतात. हॉटेलवाल्यानं पाणी आणून दिलं, तुम्ही पेला हुंगलात आणि मग प्यालात. मी पानाच्या दुकानामागे उभा होतो. समोर आलो असतो तर हात तरी उचलला असता किंवा पाया तरी पडलो असतो. दोन्ही नको होतं. म्हणून परत फिरलो.

तुम्ही नाही म्हणालात, ते बरोबर असेल. पण नकार तुम्ही कोणाला दिलात? दवाखान्यात डॉक्टर जे ऐकतात ते ऐकून तुम्ही कोर्टात निकाल दिलात, आणि आरोपीला कोर्टात उभंही केलं नाहीत. मी कितीही वाईट असलो तरी मला उभं राहायचं होतं. आणि तुमच्या मुलीला तर तुम्ही विचारलंच नाहीत. तिनं मला प्रश्न विचारला होता. उत्तर अर्धं राहिलं आहे.

म्हणून हे पत्र तुम्हाला असलं तरी तिला वाचायला द्या, अशी माझी मागणी आहे. मी प्रयोगशाळेतलं स्पिरिट पीत होतो. सापाची बरणी रिकामी केली ती मी. आता पीत नाही, पण गेल्या बुधवारी पेला हातात होता. लग्नाचं पुन्हा काढावं असा माझा हेतू नाही. तिनं नाही म्हणावं, पण काय आहे ते कळून म्हणावं. पत्र दाबून ठेवलंत तर मला कळणार नाही. तेवढा विश्वास अमरावतीकरांवर अजून टाकतो.

पुंजारामची माफी मागितली. तो म्हणाला, "बरं." मग चहा पाजायला लावला.

त्र्यंबक वाडेगावकर

---

अमरावती
२४ जुलै १९६०

त्र्यंबक,

पत्र चारूला दिलं. तिनं माझ्यासमोरच वाचलं. दोनदा. मला वाटलं ती तुझ्याबद्दल विचारील. तिनं विचारलं, "बाबा, अमरावतीकर कोण?"

विमल दारात उभी होती. ती म्हणाली, "पत्र ठेव ते, जेवायला चला." माझ्यासाठी इतकी वर्षं ती जे करत आली तेच ती पुन्हा करत होती. मी तिला थांबवलं. चारूला सांगितलं की कावीळ नव्हती.

चारू जेवली नाही. विमल चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. मी सांगितलं याचा तिला राग आहे की इतक्या उशिरा सांगितलं याचा, हे मला कळत नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही.

तुझा पत्ता चारूनं मागितला. मी म्हटलं, पाकिटावर आहे.

हरिहर मंगरूळकर

---

अमरावती
२ ऑगस्ट १९६०

श्री. त्र्यंबक वाडेगावकर यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी घरात सांगून लिहिते आहे. बाबांना वाचायला दिलेलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी आधी तुमच्यावर रागावले नाही, बाबांवर रागावले. मला अजून काविळीच्या वर्षाचा उसाचा रस आठवतो. आई मला पेला घेऊन त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत पाठवायची आणि दारातून परत बोलवायची. बाबांना रसाचा वास सोसत नाही, म्हणायची. परवा मी आईला विचारलं, तुला लग्नाआधी माहीत असतं तर? तिनं हातातली भाजी चिरून संपवली. मग म्हणाली, "मी विचारलं नव्हतं. तू विचारून घे."

म्हणून विचारते.

ओसरीवर मी विचारलं होतं, हात कापतो का. तुम्ही म्हणालात, पूर्वी कापायचा. तो त्याच दिवशी, अर्ध्या तासापूर्वी कापला होता. कप मी उचलला होता, बशी मी पुसली होती. तुमच्या दोघांच्या रीतीप्रमाणे खोटं काही लिहायचं नाही. बोलायचं चालतं का, हे मला माहीत नाही. मला चालत नाही.

तुम्ही तुमच्या पत्रात सगळं लिहिलंत. साप लिहिलात, पेला लिहिलात, पुंजारामचा चहासुद्धा लिहिलात. बाटली परत नेऊन ठेवली असं लिहिलंत. कपाटात ठेवली असेल. कपाटाला कुलूप असेल. बाबांनी सांगितलं की तुम्हाला पहिल्यापासून ते एकच गोष्ट लिहीत होते आणि तुम्ही तिचं उत्तर कधी दिलं नाहीत.

किल्ली आता कोणाकडे आहे?

मुख्याध्यापकांकडे दिली असेल तर त्यांना काय कारण सांगितलंत तेही लिहा. तुमच्याच खिशात असेल तर तसं लिहा. जे असेल ते लिहा.

यंदा माझ्यासाठी आणखी एक स्थळ आलं आहे. यवतमाळचं. बाबांनी त्यांना कळवलं आहे की मुलगी उत्तराची वाट पाहते आहे. कोणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. तुमचं पत्र येईपर्यंत मी कोणाला होय म्हणणार नाही. तुम्हाला नाही, असंही म्हणणार नाही.

पत्र सरळ घरच्या पत्त्यावर पाठवा. माझ्या नावानं.

चारुशीला मंगरूळकर